बोलणं जमिनीला लागतं तिथे

दौंड तालुक्यातल्या केडगावात (नगरशेजारचं केडगाव वेगळं) स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर थोडा वेळ बसलं, की एक वाक्य कानावर येतंच. "साध्या फोनवर नको बोलायला, व्हॉट्सॲपला कर." विषय कुठलाही असेल: उसाच्या रानाचा सौदा, भावकीतली वाटणी, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोण कुणाकडे झुकलंय. बोलणारा माणूस गुन्हेगार नसतो. आपलं बोलणं आपल्यापुरतं राहावं एवढीच त्याची इच्छा असते. साधा फोन कुणीतरी ऐकू शकतं आणि व्हॉट्सॲपचा कॉल ऐकता येत नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ते त्यानं हवेतून उचललं आहे. त्यातलं बरंचसं खरं आहे, पण सगळं खरं नाही. आणि जे खरं आहे त्याची कारणं कळली, की आपल्या हक्काची बाजूही कळते.

आधी त्या 'साध्या' शब्दाकडे पाहू. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली. या कंपनीकडे जुन्या पद्धतीचं टू-जी किंवा थ्री-जीचं जाळं नव्हतंच. त्यामुळे तिच्यावरून केलेला अगदी साधा कॉलसुद्धा डेटा म्हणूनच धावू लागला. तेव्हापासून केडगावच्या रानात उभं राहून जिओवरून नंबर फिरवणारा शेतकरी, शब्दशः पाहिलं तर, इंटरनेटच्या पद्धतीनंच बोलतो. आवाजाचे छोटे तुकडे पडतात, साधारणपणे सेकंदाचा पन्नासावा भाग एवढा एक तुकडा. किराणा दुकानदार पुड्या बांधतो तसा प्रत्येक तुकडा बांधला जातो, त्यावर पत्ता घातला जातो आणि पलीकडे पुड्या सुटून पुन्हा आवाज होतो. 'आई, कशी आहेस?' एवढं विचारायला दीड सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात पंचाहत्तर पुड्या निघालेल्या असतात.

मग साध्या फोनमध्ये आणि व्हॉट्सॲपमध्ये फरक काय? पुडी कोण बांधतं आणि सोडतं, एवढाच. साध्या कॉलमध्ये पुडी कंपनीच्या हातून जाते आणि कंपनीला ती उघडता येते. सरकारनं कायदेशीर आदेश दिला तर त्या नंबरचं बोलणं तपास यंत्रणेकडे वळवण्याची सोय आपल्या जाळ्यात ठेवणं, ही भारतातल्या दूरसंचार परवान्याची अटच आहे. व्हॉट्सॲपनं एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या संदेशांना आणि कॉलना या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूप घातलं. किल्ली दोन फोनमध्येच तयार होते. मधल्या जाळ्याला पुडी जाताना दिसते, पण आतलं दिसत नाही. खुद्द व्हॉट्सॲपलाही नाही.

याशिवाय तिसरा एक प्रकार आहे. एका टोकाला इंटरनेट आणि दुसऱ्या टोकाला साधा मोबाईल नंबर. महाराष्ट्रानं या तिसऱ्या प्रकाराची ओळख फार महागात करून घेतली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्ला सुरू होता आणि हल्लेखोरांच्या हातात भारतीय सिमकार्डांचे मोबाईल होते. ताजमधून वापरला जाणारा एक नंबर पोलिसांना कळला आणि मध्यरात्रीनंतर दहशतवादविरोधी पथकानं (एटीएसनं) तो ऐकायला सुरुवात केली. पलीकडून येणाऱ्या कॉलचा नंबर दिसत होता तो अमेरिकेचा, १२०१ ने सुरू होणारा. बोलणारे मात्र पाकिस्तानात बसून सूचना देत होते. त्यासाठी त्यांनी न्यू जर्सीतल्या कॉलफोनेक्स नावाच्या कंपनीकडे इंटरनेट कॉलचं खातं उघडलं होतं. हल्लेखोरांना उलट फोन करता यावा म्हणून त्याला ऑस्ट्रियाचे पाच नंबर जोडून घेतले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये हे खातं ईमेलवरून उघडलं गेलं. आधी २५० डॉलर पाकिस्तानातून भरले गेले, मग हल्ल्याच्या आदल्या दिवशी २२९ डॉलर इटलीतल्या ब्रेशिया शहरातून. एकूण ४७९ डॉलर. एवढ्या पैशांत बोलणाऱ्याचा देश लपला.

हल्लेखोरांपैकी एक असलेल्या कसाबच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ ला जो निकाल दिला त्यात या कॉलचा हिशेब आहे. ताजमध्ये ४१, ओबेरॉयमध्ये ६२ आणि नरिमन हाउसमध्ये १८१. एकूण २८४ कॉल, ९९५ मिनिटं. म्हणजे साडेसोळा तास. पलीकडची माणसं टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघून आत अडकलेल्यांना काय करायचं ते सांगत होती, हे याच नोंदींतून न्यायालयाला दिसलं आणि त्यावरून न्यायालयानं वृत्तवाहिन्यांनाही कठोर शब्दांत सुनावलं. कट सीमेपलीकडे शिजला आणि तिथूनच चालवला गेला, हे सांगायला या ध्वनिफितींइतका बोलका पुरावा क्वचितच असेल.

आता यातली तांत्रिक बाब नीट बघा, कारण या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. इंटरनेटवरचा भाग एटीएसला दिसतही नव्हता आणि ऐकूही येत नव्हता. बोलणं कराचीतून न्यू जर्सीच्या खात्यावर गेलं असेल किंवा आणखी कुठून फिरलं असेल, शेवटी ते भारतीय कंपनीच्या टॉवरवरून एका भारतीय सिमकार्डावर उतरत होतं. विमान कुठूनही उडालं तरी त्याला धावपट्टी लागते, तसं त्या बोलण्याला जमीन लागली, आणि जिथे जमीन लागली तिथे ते सापडलं. दोन्ही टोकांना कुलूपबंद ॲप असतं तर ती साडेसोळा तासांची नोंद पोलिसांना मिळाली नसती. पोलिसांना ऐकण्याचा अधिकार असूच नये, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही ते या रात्रीमुळे.

आणि तरीही याच खात्याच्या कागदात एक नाव आहे, जे मला दरवेळी थांबवतं. खातं उघडताना त्या माणसानं आपलं नाव 'खरक सिंग' असं दिलं होतं. हे नाव त्यानं का निवडलं असेल याला अर्थ नाही; पण भारतीय कायद्याच्या विद्यार्थ्याला ते नाव पाठ असतं. उत्तर प्रदेशातल्या एका खरक सिंगवर १९४१ मध्ये दरोड्याचा आरोप आला होता आणि पुराव्याअभावी तो सुटला होता. तरी पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. रात्रीबेरात्री दार ठोठावून तो घरात आहे का ते बघायचे. १८ डिसेंबर १९६२ ला सर्वोच्च न्यायालयानं हे रात्रीचं दार ठोठावणं बेकायदा ठरवलं, पण त्याच निकालात बहुमतानं असंही म्हटलं, की खासगीपणाचा हक्क आपल्या राज्यघटनेत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यावर असहमती नोंदवली. ती असहमती खरी ठरायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. एकच नाव दोन टोकांना लागलेलं आहे: एकीकडे ज्याच्यावर पाळत ठेवायला नको होती तो माणूस, दुसरीकडे ज्याचं बोलणं ऐकायलाच हवं होतं तो. या दोघांना वेगळं कसं ओळखायचं, याचं उत्तर तंत्रज्ञानाकडे नाही. ते आदेशाच्या कागदावर ठरतं.

तो कागद फार जुना आहे. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) नं सरकारला तार अडवण्याचा, पाहण्याचा अधिकार दिला, पण 'सार्वजनिक आणीबाणी' असेल किंवा 'सार्वजनिक सुरक्षितते'साठी आवश्यक असेल तरच. पुढं टेलिफोन घरोघरी पोचला, मोबाईल आला, इंटरनेट आलं, उंबरठा तोच राहिला. राजकीय नेत्यांचे फोन ऐकले जातात हे सीबीआयच्या अहवालातून बाहेर आल्यावर पीयूसीएल ही संस्था न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ ला, खरक सिंग निकालाला बरोबर चौतीस वर्षं झाली त्या दिवशी, न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांनी ठरवून दिलं, की आदेश गृहसचिवाचाच हवा, त्याला मुदत हवी आणि वर एक आढावा समिती हवी. त्या सूचनांचे २००७ मध्ये नियम झाले. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याखाली ६ डिसेंबर २०२४ ला त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. आदेशाची मुदत एका वेळी ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. घाईच्या वेळी वरिष्ठ पोलीस अधिकारी आदेश देऊ शकतो, पण त्यावर सात कामकाजाच्या दिवसांत गृहसचिवाची मान्यता मिळाली नाही तर ऐकणं थांबवायचं आणि ऐकलेलं नष्ट करायचं.

संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राची आणखी एक वाट आहे, ती १९९९ च्या मोक्काची. त्यातली फोन ऐकण्याची कलमं मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ती वैध ठरवली. तिथे एक चांगली अट आहे: ऐकलेलं बोलणं पुरावा म्हणून वापरायचं तर आदेशाची आणि अर्जाची प्रत आरोपीला खटल्याच्या किमान दहा दिवस आधी द्यावी लागते.

इथे एक गैरसमज बाजूला करतो, कारण गावात तो सारखा भेटतो. "माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे" असं सांगत लोक भांडणं तालुक्यापर्यंत नेतात. दोघांपैकी एकानं स्वतःच्या फोनवर बोलणं टिपून ठेवणं आणि तिसऱ्यानं चोरून ऐकणं या दोन गोष्टी कायद्यात एक नाहीत. ऑक्टोबर १९६४ मध्ये मुंबईतल्या एका डॉक्टरांच्या घरच्या फोनला, त्यांच्याच संमतीनं, पोलिसांनी टेपरेकॉर्डर जोडला. लाचेच्या मागणीचं बोलणं टेपवर आलं आणि मुंबईचे कॉरोनर मलकानी त्यात अडकले. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये तो पुरावा मान्य केला, कारण बोलणाऱ्या एकानं स्वतःहून दार उघडलं होतं. या लेखाचा विषय तो नाही. विषय आहे तो दोघांनाही ठाऊक नसताना येणाऱ्या तिसऱ्या कानाचा.

त्या तिसऱ्या कानाला मुंबईतच एकदा चाप बसला. एका व्यावसायिकानं सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप होता आणि त्यासाठी ऑक्टोबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या काळात त्याचा फोन ऐकण्याचे तीन आदेश निघाले होते. २२ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांच्या खंडपीठानं तिन्ही आदेश रद्द केले. लाच हा गुन्हा आहे, पण त्यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे आणि लोकांच्या सुरक्षिततेला धोका कुठे आहे, एवढा साधा प्रश्न न्यायालयानं विचारला आणि ऐकलेलं सगळं नष्ट करायला सांगितलं. गुन्हा पकडायचाय म्हणून फोन ऐकला, एवढं कारण पुरत नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानंही जुलै २०२५ मध्ये म्हटलं. माझ्या मते हे निकाल आपल्याकडच्या प्रत्येक पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवायला हवेत. पण या मुंबईच्या खटल्यात मला बोचतं ते वेगळंच. आपला फोन ऐकला गेला हे त्या व्यावसायिकाला कळलं, कारण सीबीआयनं ते बोलणं खटल्यात पुरावा म्हणून वापरायला घेतलं. वापरलंच नसतं तर? तर त्याला कधीच कळलं नसतं आणि तीन बेकायदा आदेश फाइलमध्ये कायदेशीर म्हणूनच पडून राहिले असते.

आढावा समिती असते ना, असं कुणी म्हणेल. राज्यात ती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते, केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांच्या. म्हणजे मागणारं सरकार, परवानगी देणारं सरकार आणि तपासणारंही सरकारच. समिती किमान दोन महिन्यांतून एकदा बसते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या माहिती-संरक्षण समितीनं २०१८ च्या अहवालात लिहिलं आहे, की केंद्राच्या आढावा समितीपुढे दर बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश असतात. कागद-पेन्सिल घ्या. बैठक सलग आठ तास चालली, कुणी जागचं उठलं नाही, तरी हातात ४८० मिनिटं. मिनिटाला एकतीस आदेश. एका माणसाच्या खासगी आयुष्याला दोन सेकंदही नाहीत. एवढ्या वेळात आदेशावरचं नावसुद्धा नीट वाचून होत नाही.

आणि नाव वाचायला तर हवंच. काँग्रेस नेते नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितलं, की त्यांचा नंबर भलत्याच माणसाच्या नावानं, अमली पदार्थांच्या संशयाखाली ऐकला गेला. पुण्यात बंडगार्डन पोलीस ठाण्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचा गुन्हा दाखल झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. कुणाला दोषी म्हणायला तिथे जागा उरत नाही आणि मी म्हणतही नाही. पण त्या आरोपानं एक फट दाखवली ती बुजलेली नाही. अर्जात नंबर असतो आणि नंबरसमोर एक नाव असतं. ते नाव त्या नंबराचं खरोखर आहे का, हे सही करणाऱ्यानं कुठे ताडून पाहायचं?

आता पुन्हा केडगावच्या टपरीवरच्या सल्ल्याकडे. व्हॉट्सॲपला कर, म्हणजे सुटलो? कॉलच्या वाटेत ऐकणं जमत नाही हे खरं. म्हणून ऐकणाऱ्यानं वाट सोडली आणि तो टोकाला, म्हणजे फोनमध्येच, शिरू लागला. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनं आपल्या कॉलच्या सोयीतली एक भेग बुजवली. त्या भेगेतून इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये उतरवता येत होतं, आणि त्यासाठी पुरायचा एक व्हॉट्सॲप कॉल. तो उचलायचीही गरज नव्हती. आपल्याकडे मिस कॉलला केवढा अर्थ असतो! पोचलो, बाहेर ये, परत लाव. त्याच मिस कॉलनं अख्खा फोन उघडा पडत होता. जगभरातले सुमारे १,४०० लोक लक्ष्य झाले. त्यांत भारतातले जे होते, त्यांच्यात कोरेगाव भीमाच्या खटल्याशी संबंधित वकील आणि कार्यकर्ते होते. कोरेगाव भीमा म्हणजे केडगावच्या शेजारचा शिरूर तालुका. ही काही लांबच्या मुलखातली गोष्ट नव्हे. पुढे सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं २९ फोन तपासले. पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळलं, पण ते पेगॅससच असल्याचं ठामपणे सांगता आलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही अशी नोंद सरन्यायाधीश रमणा यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये केली. अमेरिकेत मात्र व्हॉट्सॲपनं एनएसओवर खटला भरला. तिथल्या ज्युरीनं मे २०२५ मध्ये सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी ती पुढे ४० लाखांवर आणली आणि व्हॉट्सॲपच्या वापरकर्त्यांना पुन्हा लक्ष्य करायला कंपनीला कायमची बंदी घातली.

कुलूप असलं तरी बाहेरून बरंच काही दिसतं, हेही टपरीवर कुणी सांगत नाही. कुठल्या नंबरनं कुठल्या नंबरला कधी आणि किती वेळ फोन केला, याचा तपशील म्हणजे सीडीआर. 'सीडीआर काढला' हा शब्द आता गावातल्या पोरांनाही माहीत आहे. तो काढायला गृहसचिवाची सही लागत नाही. इंटरनेट वापराचीही तशीच नोंद असते, आणि परवान्याच्या अटींप्रमाणे कंपन्यांनी या नोंदी किमान दोन वर्षं जपायच्या आहेत. रोज रात्री अकराला कुणी कुणाला पाऊण तास फोन करतं, एवढंच कळलं तरी गावात किती गोष्टी कळतात, ते गावात राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून अनेक देशांची सरकारं मागणी करतात, की ॲपच्या कुलपाला एक जादा किल्ली ठेवा, ती आमच्याकडे द्या. ही मागणी मी अनेक वर्षं मोकळ्या मनानं वाचत आलो आणि आता माझं मत तिच्याविरुद्ध पक्कं झालं आहे, ते ग्रीसमुळे. अथेन्समध्ये व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये पोलिसांसाठी असते तशी ऐकण्याची यंत्रणा बसवलेली होती. २००४-०५ मध्ये ती अज्ञात लोकांनी गुपचूप चालू केली आणि पंतप्रधान कारामनलिस यांच्यासह शंभरेक जणांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. २०२४ मध्ये हेच अमेरिकेत घडलं. चीनशी संबंधित म्हणून सांगितले गेलेले हॅकर मोठमोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या, न्यायालयाच्या आदेशानं ऐकण्याच्या यंत्रणेपर्यंत पोचले. त्यानंतर तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनंच महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना सल्ला दिला, की टोकापासून टोकापर्यंत कुलूप असलेलं ॲप वापरा. म्हणजे सरकारनंच शेवटी केडगावच्या टपरीवरचा सल्ला दिला.

केडगावचं नाव जगाच्या टपालात पहिल्यांदा पोचलं ते पंडिता रमाबाईंमुळे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुलींना आणि विधवांना इथे आणलं आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, इंग्लंडमध्ये असताना रमाबाई ख्रिस्ती जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून भांडत होत्या: काय मानावं, काय मानू नये, आणि ते कुणी ठरवावं. त्यांच्याविषयीची पत्रं त्याच वेळी बिशपांमध्येही फिरत होती. तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये छापला, रमाबाईंच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी. आज तो वाचताना दिसतं, की विचार पक्का होण्याआधी माणसाला कच्चं बोलायची जागा लागते. शंका, राग, चुकीचं वाक्य, मागे घेतलेलं वाक्य. बंद लिफाफ्यात हे सगळं मावतं. कुणी ऐकतंय हे माहीत असेल तर माणूस कच्चं बोलतच नाही, आणि मग पिकतही नाही.

लिफाफा उघडण्याचा अधिकार सरकारला इंग्रजांच्या काळातही होता. १८९८ च्या टपाल कायद्याचं कलम २६ त्यासाठीच होतं. दुसऱ्या महायुद्धात तर परदेशी टपाल सरसकट उघडलं जाई. पण उघडलेली बाजू पुन्हा चिकटवताना तिच्यावर एक छापील कागदी पट्टी लावत: हे पत्र सेन्सॉरनं उघडलं आहे. साम्राज्य परकं होतं, युद्ध चालू होतं, तरी पत्र ज्याच्या हातात पडे त्याला ती पट्टी दिसत असे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात आजही तशी सोय आहे. ऐकणं संपल्यापासून ९० दिवसांच्या आत, आदेशात ज्याचं नाव आहे त्याला तसं कळवावं लागतं. कारण असेल तर न्यायाधीश ते लांबवू शकतात. त्यामुळे तपास बुडत नाही, आणि चुकीच्या आदेशाला आव्हान देणारा एक तरी माणूस शिल्लक राहतो. ६ डिसेंबर २०२४ चे आपले नियम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्यांत ती पट्टी कुठेही नाही.